गरोदरपणात आईनं काय खाल्लं, यावर बाळाची हाडं ठरतात का?

घरात गोड बातमी आली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. सासूबाई सांगतात केशर घातलेलं दूध पी, आई सांगते नाचणीचं सत्त्व खा, शेजारच्या काकू सांगतात जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल. त्यात भर व्हॉट्सअॅपची. 'रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या, बाळाची हाडं लोखंडासारखी होतील' हा मेसेज कधी ना कधी तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल.

यातलं खरं किती? आईच्या खाण्याचा आणि बाळाच्या हाडांचा संबंध आहे, यात शंका नाही. पण तो संबंध 'जितकं कॅल्शियम आत, तितकं हाड मजबूत' इतका सरळ नाही. आणि याबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या पुण्याजवळच्या गावांमध्येच झालेला आहे.

बाळाला कॅल्शियम लागतं तरी किती?

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात जन्माच्या वेळी साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं हाडांमध्ये असतं. यातला सुमारे ८० टक्के साठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो. त्या काळात बाळ दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आईकडून ओढून घेतं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, हे काम पंपासारखं करते. आईच्या रक्तात जेवढं कॅल्शियम असतं त्यापेक्षा बाळाच्या रक्तात थोडं जास्तच असतं. नव्या महिन्याची वाट न पाहता सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांची हाडं कमजोर का असतात, याचंही उत्तर इथेच आहे. त्यांचा साठ्याचा काळच हुकलेला असतो.

आता प्रश्न असा, की आईच्या पोटात तेवढं कॅल्शियम गेलंच नाही तर?

निसर्गानं याची सोय करून ठेवली आहे. दिवस गेले की आईचं आतडं अन्नातलं कॅल्शियम जवळपास दुप्पट प्रमाणात शोषून घेऊ लागतं. तेही पुरलं नाही तर आईच्या स्वतःच्या हाडांतून थोडं कॅल्शियम सुटतं. मोठ्या बाईच्या सांगाड्यात किलोभर कॅल्शियम असतं, त्यामुळे ३० ग्रॅम देणं हे फार मोठं ओझं नाही. अंगावर पाजताना आईच्या हाडांची घनता ३ ते १० टक्क्यांपर्यंत उतरते, पण बाळाचं दूध सुटल्यावर साधारण वर्षभरात बहुतेक जणींची ती भरून निघते. 'एका मुलामागे एक दात जातो' असा समज अनेक देशांत आहे, तो मात्र खोटा आहे. बाळ दातांतलं कॅल्शियम घेत नाही. गरोदरपणात दात खराब होतात ते सुजलेल्या हिरड्यांमुळे, उलट्यांमधल्या आम्लामुळे आणि दातांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

म्हणजे आईचं शरीर बाळासाठी बँकेसारखं काम करतं. पण बँकेतच खडखडाट असला तर? याचं उत्तर शोधायला पुण्याजवळ जावं लागेल.

पुण्याजवळची सहा गावं

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला. त्याचं नाव पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. इंग्लंडमधल्या साऊथहॅम्प्टनचे संशोधकही त्यात होते. गावातल्या तरुण विवाहित बायकांची नोंद दिवस जाण्याआधीच केली गेली. मग गरोदरपणात अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्या काय खातात, किती वेळा खातात, शेतात किती काम करतात, हे सगळं टिपलं गेलं. रक्त तपासलं गेलं. आणि जन्मलेल्या मुलांचा माग आजतागायत ठेवला गेला आहे. एकाच गावातल्या कुटुंबांना तीस वर्षं धरून ठेवणं हे किती चिकाटीचं काम आहे, हे गावोगाव फिरणाऱ्या कुणाही आरोग्य सेविकेला विचारावं.

या बायका बारीक होत्या. अठराव्या आठवड्यात त्यांचं रोजचं खाणं सरासरी १,८०० कॅलरीच्या आसपास आणि प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास होती, तीही शेतातलं काम सांभाळून. बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही खाली होतं. पण गंमत अशी, की एकूण कॅलरी किती खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी.

ही मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यातल्या ६९८ मुलांच्या हाडांची डेक्सा तपासणी झाली. डेक्सा म्हणजे हाडांत खनिज किती भरलं आहे ते मोजणारा, अगदी कमी ताकदीचा क्ष-किरण. आईवडिलांचीही तीच तपासणी केली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आयांनी गरोदरपणात दूध, दुधाचे पदार्थ, डाळी-कडधान्यं, मांसाहार, पालेभाज्या आणि फळं असे कॅल्शियम देणारे पदार्थ जास्त वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांच्या अंगातल्या आणि कण्यातल्या हाडांत खनिज जास्त होतं. ज्या आयांच्या रक्तात अठ्ठाविसाव्या आठवड्यात फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या हाडांची घनताही जास्त होती. आईवडिलांची उंची, वजन आणि त्यांची स्वतःची हाडं हिशेबात धरूनही हा फरक टिकला.

फोलेटचा आणि हाडांचा काय संबंध, असं वाटू शकतं. हाड म्हणजे नुसता खडू नव्हे. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तारा असतात आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फरसचा थर चढतो. सळ्या आणि सिमेंट म्हणा. नुसतं सिमेंट ओतून स्लॅब उभा राहत नाही. फोलेट कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं आणि त्यानं या कोलॅजनच्या जोडण्या बिघडतात, असा एक तर्क आहे. दुसरी साधी शक्यता अशी, की रक्तातलं फोलेट हा पालेभाजी आणि डाळ नेमानं खाल्ल्याचा पुरावा आहे, आणि त्यांच्यासोबत आणखीही बरंच काही पोटात गेलेलं असतं.

याच अभ्यासातली एक बाब घराघरात सांगावी अशी आहे. मुलाच्या हाडांचं मोजमाप आईच्या हाडांशी जितकं जुळत होतं, तितकंच ते वडिलांच्या हाडांशीही जुळत होतं. त्यामुळे पोराचा हात मोडला की 'पोटुशी असताना हिनं नीट खाल्लं नाही' असं सुनेला ऐकवण्यात अर्थ नाही.

मग कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या की झालं?

इथे चित्र गुंतागुंतीचं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९७८ मध्येच कुपोषित गरोदर बायकांना कॅल्शियम देऊन पाहिलं होतं. रोज ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतलेल्या आयांच्या नवजात बाळांची हाडं, गोळ्या न घेतलेल्यांच्या बाळांपेक्षा जास्त घन निघाली.

पुढे अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये २५६ बायकांवर असाच प्रयोग झाला. निम्म्या जणींना रोज दोन ग्रॅम कॅल्शियम, निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. १९९९ मध्ये आलेला निकाल असा, की सगळ्या बाळांचा एकत्र विचार केला तर फरक काहीच नाही. पण ज्या आयांच्या रोजच्या जेवणात ६०० मिलिग्रॅमपेक्षाही कमी कॅल्शियम होतं, फक्त त्यांच्या बाळांच्या हाडांत गोळ्यांमुळे जास्त खनिज भरलं होतं. खड्डा होता तिथे भर उपयोगी पडली. सपाट जमिनीवर टाकलेली माती वाहून गेली.

आफ्रिकेतल्या गांबियानं मात्र सगळ्यांना चक्रावून टाकलं. तिथल्या खेड्यांतल्या बायकांच्या जेवणात कॅल्शियम जेमतेम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यांना विसाव्या आठवड्यापासून रोज १,५०० मिलिग्रॅम दिलं. बाळांच्या हाडांत पहिल्या वर्षात काही फरक दिसला नाही. उलट गोळ्या घेतलेल्या आयांचीच हाडं अंगावर पाजण्याच्या काळात जास्त झिजली. पिढ्यान् पिढ्या कमी कॅल्शियमवर काटकसरीनं चालणारं शरीर अचानक आलेल्या श्रीमंतीनं गोंधळलं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो. गांबियाच्या बायका उन्हात राबणाऱ्या, त्यामुळे त्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व भरपूर असतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

म्हणून आपल्याकडे गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्याचं मुख्य कारण बाळाची हाडं हे नाहीच. कॅल्शियम कमी खाणाऱ्या बायकांमध्ये या गोळ्यांनी प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतणाऱ्या आजाराचा, धोका कमी होतो. कित्येक बायका 'मला काही हाडांचा त्रास नाही' म्हणून गोळ्या डब्यात ठेवून देतात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि बाळंतपणानंतरही सहा महिने त्या चालू ठेवायच्या. बंगळूरु आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० बायकांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोजचे ५०० मिलिग्रॅमही प्रीएक्लॅम्प्सिया रोखण्यात १,५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे ठरले. डोस किती घ्यायचा ते अर्थातच डॉक्टर ठरवतील.

खरी गोम: ड जीवनसत्त्व

कॅल्शियम पोटात गेलं तरी ते रक्तात उतरायला ड जीवनसत्त्व लागतं. आणि बाळाकडे ते स्वतः तयार करायची काहीच सोय नसते, ते पूर्णपणे आईच्या साठ्यावर अवलंबून असतं. आईकडे कमी असेल तर बाळ अपुरा साठा घेऊनच जन्माला येतं. आईच्या दुधातही ड अगदी थोडं उतरतं.

भारतात एवढं ऊन असताना ही अडचण यायला नको, असं वाटतं. पण २००५ मध्ये लखनऊच्या एका रुग्णालयातल्या गरोदर बायकांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ८४ टक्के जणींमध्ये ड जीवनसत्त्व कमी निघालं. सावळी त्वचा, अंगभर कपडे, घरात किंवा ऑफिसात जाणारा दिवस, हवेतलं प्रदूषण. ऊन दारात असतं, अंगावर येत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग शून्य, कारण लागणारी किरणं काच अडवते. आणि ज्याचं आपल्याकडे भारी कौतुक, त्या सकाळच्या कोवळ्या उन्हातही ही किरणं फारच कमी असतात. ती मिळतात दुपारच्या आगेमागे, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा.

आईच्या ड जीवनसत्त्वाचा मुलांच्या हाडांवर दीर्घकाळ परिणाम होतो का, यावर इंग्लंडमध्ये बराच वाद रंगला. २००६ मध्ये साऊथहॅम्प्टनच्या संशोधकांनी १९८ मुलांचा अभ्यास मांडला. आईच्या अंगात गरोदरपणी ड कमी, तर मूल नऊ वर्षांचं झाल्यावर त्याच्या हाडांत खनिज कमी. २०१३ मध्ये ब्रिस्टल भागातल्या जवळपास चार हजार आई-मुलांच्या जोड्या तपासल्या, तर असा संबंध दिसलाच नाही. मग झाला प्रत्यक्ष प्रयोग, नाव माविडोस. चौदाव्या आठवड्यापासून काही जणींना रोज १,००० युनिट ड, काही जणींना नुसत्या गोळ्या. जन्मावेळी एकूण फरक नाही, पण ऐन थंडीत जन्मलेल्या बाळांमध्ये, म्हणजे जिथे उन्हाचा तुटवडा होता तिथे, फायदा दिसला. पुढे हीच मुलं सहा-सात वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा गोळ्या घेतलेल्या आयांच्या मुलांच्या हाडांची घनता थोडी जास्त होती.

तीव्र कमतरतेबद्दल मात्र वाद नाही. आईमध्ये ड जीवनसत्त्वाचा खडखडाट असेल तर नवजात बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरू शकतं की त्याला झटके येतात. पुढे मुडदूस होऊ शकतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना प्रत्येक तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगते. टाळू भरायच्या तेलातून किंवा मालिशीतून हे काम होत नाही.

मराठी ताटात काय आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे गरोदर बाईला रोज १,००० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पोळी, भात, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि दोन-तीन कप चहा, असा दिवस गेला तर आकडा तीनशेच्या आसपास अडखळतो. शहरातल्या बऱ्याच घरांत दिवस असाच जातो.

दुसरं ताट पाहा. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत तेवढं. कपभर दुधात २४०, वाटीभर दह्यात १८०. तिळाच्या चटणीच्या मोठ्या चमच्यात, म्हणजे दहाएक ग्रॅम तिळात, सव्वाशे. त्यात शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी आणि कुळथाचं पिठलं आलं की हजाराची रेघ ओलांडली. मासे खाणाऱ्यांना जवळा, सुकट, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी ही मोठीच सोय आहे. यातलं महागडं काहीही नाही. दुधाला पर्याय नाही असं मानणाऱ्यांनी नाचणी-तिळाचा हिशेब जरूर करावा.

मात्र सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. पालकात आणि अळूत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. पालकातलं जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. पालक लोह-फोलेटसाठी खावा, हाडांसाठी नाही. नाचणीत फायटेट असतं, पण मोड आणून किंवा आंबवून खाल्ली तर ते कमी होतं. आंबील आणि नाचणीचं सत्त्व करणाऱ्या आज्यांना हे रसायन ठाऊक नसेल, कृती ठाऊक होती.

आणि तो गव्हाएवढा चुना? चुन्यात कॅल्शियम असतं, हे खरं. पण एका गव्हाएवढ्या ओल्या चुन्यात ते फार तर तीसेक मिलिग्रॅम भरेल, म्हणजे दोन-तीन घोट दुधातून मिळतं तेवढं. त्यासाठी तोंड आणि अन्ननलिका भाजू शकणारा, कुठल्या भट्टीतून आला आणि त्यात काय मिसळलं आहे याचा पत्ता नसलेला पदार्थ गरोदर बाईच्या पोटात का घालायचा?

कॅल्शियमच्या नादात प्रथिनं विसरली जातात, ही आणखी एक चूक. गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात. कॅलरी वाढतात फक्त ३५० च्या आसपास. 'दोन जिवांचं खा' म्हणजे दुप्पट भात खा असं नव्हे. घट्ट वरण, उसळ, अंडं, दही यांची भर हवी. बाळ मोठं होईल या भीतीनं शेवटच्या महिन्यांत जेवण कमी करणं तर सर्वांत घातक, कारण हाडांचा साठा त्याच महिन्यांत होत असतो. मशेरीचंही तसंच. तंबाखू दातांना लावली काय, चघळली काय, मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली.

गोळ्या घेताना

कॅल्शियमची गोळी जेवणासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी. दोन्ही एकदम न घेता सकाळी एक आणि संध्याकाळी एक. लोहाची गोळी तिच्याबरोबर कधीच घेऊ नये, कारण कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. दोन्हींमध्ये दोन तासांचं तरी अंतर हवं. मुतखड्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. शाकाहारी बायकांनी बी-१२ तपासून घ्यावं. पुण्याच्या त्याच सहा गावांतल्या बहुसंख्य आयांमध्ये ते कमी होतं, आणि फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली होती.

बाळंतपणानंतर पाठीत असह्य कळ येऊन ती आठवड्या-दोन आठवड्यांत कमी झाली नाही, तर 'बाळंतिणीची कंबर आहे, शेक घे' म्हणून ती अंगावर काढू नये. क्वचित काही जणींमध्ये या काळात हाडं इतकी ठिसूळ होतात की मणका दबतो. साध्या एक्स-रेत ते दिसू शकतं.